रात्री पाठ झालेले शब्द चौथ्या दिवशी कुठे जातात?

प्रश्न: मी ३६ वर्षांची आहे, नाशिकला एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. जर्मनीतल्या नोकरीसाठी पाच महिन्यांनी जर्मन भाषेची बी १ (मध्यम पातळीची) परीक्षा द्यायची आहे. त्याखालचं ए २ झालंय. रोज ४० नवे शब्द घेते, प्रत्येक शब्द अर्थासकट वहीत पाच वेळा लिहिते. झोपण्याआधी सगळे तोंडपाठ असतात. चार दिवसांनी तेच पान उघडलं की निम्मेही आठवत नाहीत, आणि डेअर-डी-दासचा (नामाआधी त्याच्या लिंगाप्रमाणे लागणारे शब्द) तर पुरता गोंधळ. क्लासचे सर म्हणतात, न्यूरॉन्सची कनेक्शन्स स्ट्राँग झाली पाहिजेत. म्हणजे नेमकं काय झालं पाहिजे, आणि ते घरच्या घरी कसं करायचं? घरचे म्हणतात या वयात नवी भाषा डोक्यात शिरत नाही. स्मरणशक्तीसाठी काही घ्यावं का?

उत्तर:

ताई, सरांचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धं आहे. न्यूरॉन्समधले हे जोड दोन टप्प्यांत घट्ट होतात. पहिला टप्पा मिनिटांत होतो आणि काही तासांत विरतो. दुसऱ्याला वेळ लागतो, पण तो झाला की आठवडे-महिने टिकतो. तुमची पद्धत पहिला टप्पा रोज व्यवस्थित पार पाडते आणि दुसऱ्याला संधीच देत नाही. रात्री शब्द खरोखरच पाठ असतात, तुमचा तो भास नाही. ते टिकण्यासाठी पुढे जे व्हायला हवं, ते होत नाही एवढंच.

एकाच जोडापाशी काय घडतं ते आधी पाहू, कारण पुढचा सगळा सल्ला त्यातूनच निघतो. माणसाच्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी (न्यूरॉन्स) असतात आणि एकेकीचे इतर पेशींशी हजारो जोड असतात. या जोडाला सायनॅप्स म्हणतात. तिथे दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. अलीकडची पेशी त्या फटीत ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन सोडते. पलीकडच्या पेशीवर ग्लुटामेटसाठी दोन प्रकारची दारं असतात. एएमपीए हे साधं दार, ग्लुटामेट येऊन बसलं की उघडतं. दुसरं एनएमडीए. त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा आयन (विद्युतभारित कण) अडकलेला असतो. ग्लुटामेट आलं, पण त्याच वेळी पलीकडची पेशी स्वतः पुरेशी उत्तेजित झालेली नसेल, तर हा मॅग्नेशियम जागचा हलत नाही. दोन्ही गोष्टी एकदम घडल्या की तो बाहेर ढकलला जातो आणि कॅल्शियम आत शिरतं. या कॅल्शियममुळे आत कॅम-कायनेज २ नावाचं एन्झाइम कामाला लागतं, आणि काही मिनिटांत त्या जोडावर एएमपीएची जास्तीची दारं बसतात. आता तेवढ्याच ग्लुटामेटला पलीकडची पेशी जास्त जोरात प्रतिसाद देते. हा झाला पहिला टप्पा.

(मॅग्नेशियम आणि कॅल्शियम तुम्हाला वॉर्डात रोज भेटतात, म्हणून एक सांगून ठेवतो: हा आयन तिथे पेशीच्या आतल्या-बाहेरच्या विद्युतदाबातल्या फरकामुळे अडकून असतो. कुठली गोळी खाऊन तो हलवता येत नाही.)

दोन पेशी एकाच वेळी काम करत राहिल्या तर त्यांच्यातला जोड बळावतो, असा तर्क कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली मांडला होता. तो प्रत्यक्ष मोजून दाखवला टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी. सशाच्या हिप्पोकॅम्पसमधल्या जोडांवर त्यांनी हे काम केलं आणि ते १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं. हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी नोंदवणारा मेंदूतला भाग. थोडा वेळ जलद गतीने उत्तेजन दिल्यावर तिथले जोड कित्येक तास जास्त ताकदीने प्रतिसाद देत राहिले.

दुसरा टप्पा अधिक खर्चिक असतो. त्यासाठी पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप जावा लागतो. तिथे क्रेब हे प्रथिन काही जनुकं चालू करतं, नवी प्रथिनं तयार होतात, जोडाचं टोक आकाराने वाढतं, कधी नवे जोडही फुटतात. अमेरिकेतल्या एरिक कँडल यांनी अप्लिसिया या समुद्री गोगलगायीवर हे उलगडलं, त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. गोगलगायीच्या शेपटीला एकदाच धक्का दिला तर तिची वाढलेली प्रतिक्रिया काही मिनिटं टिकायची. मध्ये वेळ सोडून तेच धक्के पाच वेळा दिले, तर ती दिवसभराहून जास्त टिकायची. प्रथिनं तयार होणं औषधाने थांबवलं, तर थोड्या वेळाची आठवण शाबूत राहायची, लांबची मात्र बनतच नसे. अनेक दिवसांच्या प्रशिक्षणानंतर संबंधित पेशींच्या जोडांची संख्या जवळजवळ दुप्पट झालेली दिसली.

आता तुमची वही. 'श्प्रित्से - इंजेक्शन' ही ओळ तुम्ही पाठोपाठ पाच वेळा लिहिता. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसच्या कापांवर २०१२ मध्ये झालेला एक प्रयोग इथे अगदी नेमका लागू पडतो. जोडांना एकदा उत्तेजन दिल्यावर १० किंवा ३० मिनिटांनी दुसरं दिलं, तर ताकदीत भर पडली नाही. तेच तासाभराने दिल्यावर भर पडली, कारण मधल्या काळात आणखी जोड बळावण्याच्या तयारीत आले होते. काचपात्रातला मेंदूचा काप आणि शब्द पाठ करणारा माणूस यांत पुष्कळ अंतर आहे, हे खरं. पण माणसांवरच्या पाठांतराच्या प्रयोगांचा कल अगदी त्याच दिशेने आहे. एका बैठकीतली दुसरी ते पाचवी ओळ जवळजवळ वाया जाते. वापराने पायवाट पडते अशी उपमा या विषयात नेहमी दिली जाते. ती इथे फसवते, कारण पायवाट एकाच दिवसात शंभर फेऱ्या मारूनही पडेल. सायनॅप्सचं तसं नाही, त्याला दोन फेऱ्यांच्या मधला वेळही लागतो.

वहीत आणखी एक अडचण आहे आणि ती जास्त नुकसान करते. वरची ओळ बघून खालची लिहिताना जर्मन शब्द डोळ्यांतून आयता मिळतो. परीक्षेत मात्र तुम्हाला अर्थाकडून शब्दाकडे जायचं असतं. तो रस्ता नकलताना वापरलाच जात नाही, मग त्यावरचे जोड घट्ट होणार कसे? २००८ मध्ये जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द अर्थासकट शिकवले. शब्द एकदा आठवला की काही गटांत त्याचं वाचन थांबवलं, पण चाचणी चालू ठेवली. काही गटांत उलट केलं, वाचन चालू आणि चाचणी बंद. आठवड्याने चाचणी चालू असलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, चाचणी बंद केलेल्यांना साधारण ३५ टक्के. पुन्हा पुन्हा वाचल्याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. आणि विद्यार्थ्यांना आधी विचारलं होतं किती आठवतील, तर सगळ्या गटांचा अंदाज एकसारखाच होता, निम्मे! पान ओळखीचं वाटणं आणि शब्द आठवणं यांतला फरक आपल्याला आतून कळत नाही. रात्रीची तुमची खात्री याच जातीची आहे.

मग करायचं काय? आधी आकडा कमी करा. मॅक्समुल्लर भवन, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूट, यांच्या बी १ च्या यादीत सुमारे २,४०० शब्द आहेत आणि ए २ च्या यादीत सुमारे १,३००. तुमचं ए २ झालंय, म्हणजे उरले साधारण १,१००. रोज ४० ने पाच महिन्यांत ६,००० होतात. इतके कोणी मागितलेलेच नाहीत. शेवटचे तीन आठवडे नवे शब्द बंद ठेवायचे, रविवार सोडायचे, महिन्यातला एक आठवडा नाइट ड्युटीचा धरून तोही सोडायचा, तरी ८० च्या आसपास दिवस उरतात. रोज १४ शब्द घेतले की यादी पूर्ण होते.

कार्डं करा. जाड कागदाचे पत्त्यांएवढे तुकडे चालतील, अँकीसारखं उजळणीच्या कार्डांचं ॲप असेल तर तेही चालेल. पुढच्या बाजूला मराठी अर्थ, इंग्रजी नको. तुमच्या डोक्यात तिसरी भाषा मध्ये कशाला? मागे डेअर-डी-दाससकट शब्द, त्याचं अनेकवचन आणि वॉर्डात खरंच बोलता येईल असं पाच-सहा शब्दांचं एक वाक्य. कार्ड बघायचं, उलटण्याआधी शब्द मोठ्याने म्हणायचा, डेअर-डी-दास आधी. आठवत नसेल तर निदान आठ-दहा सेकंद झटायचं. ही धडपड म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे, सगळा उपयोग तिथेच आहे. चुकलं तर उत्तर बघायचं, कार्ड आठ-दहा कार्डांच्या मागे सरकवायचं आणि पुन्हा आलं की पुन्हा आठवायचं.

संध्याकाळी शिकलेले १४ शब्द त्याच रात्री एकदा आठवून बघा, मध्ये किमान तासभर सोडून. मग दुसऱ्या, पाचव्या, बाराव्या, तिसाव्या आणि सत्तराव्या दिवशी. कप्पे केलेली पेटी ठेवली तर तारखा लिहीत बसावं लागत नाही: बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं पहिल्या कप्प्यात. सेबास्टियान लाइटनर यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ही पद्धत आजही उत्तम चालते. यात रोजची उजळणी पडते साधारण ७० कार्डांची, चुकलेली धरून ८५. एकाला आठ-दहा सेकंद, म्हणजे १२ ते १४ मिनिटं. नव्या शब्दांना तेवढीच. रोज ४० शब्द घेतले असते तर हाच हिशोब अडीचशे कार्डांवर जातो. ड्युटी करून ते कोणालाच जमणार नाही. तेव्हा मधल्या उजळण्याच गळतात आणि गाडी पुन्हा चौथ्या दिवसाच्या विसरण्यावर येते.

वीसपैकी दोन-तीन चुकत असतील तर अंतर योग्य आहे. पाच-सहा चुकायला लागले तर नवे शब्द आठवडाभर निम्मे करा. एकही चुकत नसेल आणि उत्तर कार्ड दिसताक्षणी येत असेल, तर तुम्ही फार लवकर उजळणी करताय, अंतर वाढवा. तीन दिवस खंड पडला तर सगळा साठा एका रात्रीत संपवायला बसू नका. नवे शब्द थांबवा, कमी अंतराच्या कप्प्यांपासून सुरुवात करा, कारण तेच जोड अजून कच्चे आहेत. सत्तराव्या दिवसाचं कार्ड चार दिवस उशिरा आलं तर बिघडत नाही, दुसऱ्या दिवसाचं आलं तर बिघडतं.

डेअर-डी-दासच्या बाबतीत मराठी माणसाची एक सोय आहे आणि तीच गोम आहे. तो-ती-ते तुमच्या डोक्यात आधीच पक्कं बसलंय. जखम ती आणि 'डी वुंडे', गोळी ती आणि 'डी टाब्लेटे', रक्तदाब तो आणि 'डेअर ब्लूटड्रुक', रक्त ते आणि 'दास ब्लूट', हृदय ते आणि 'दास हेर्त्स' हे जुळतात. पण ताप तो, तर 'दास फीबर'. नाडी ती, तर 'डेअर पुल्स'. हाड ते, तर 'डेअर क्नोखेन'. इंजेक्शन ते, तर 'डी श्प्रित्से'. पलंग तो, तर 'दास बेट'. इथे लहानपणापासून घट्ट झालेला जोड नव्या, नाजूक जोडाच्या आड येतो आणि अर्थातच जिंकतो. म्हणून कार्डं करतानाच दोन ढीग करा. जुळणाऱ्यांवर डोकं खपवू नका. न जुळणाऱ्यांच्या कोपऱ्यात लाल खूण करा आणि कार्ड उलटण्याआधी मुद्दाम मराठी लिंग म्हणा, मग जर्मन: 'ताप तो, पण दास फीबर'. चूक अपेक्षित धरून केलेली दुरुस्ती जास्त चांगली बसते. जिथे नियम आहे तिथे पाठांतर नकोच: शेवटी 'उंग', 'हाइट' किंवा 'काइट' प्रत्यय असेल तर डी, 'शेन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय असेल तर दास. एवढ्यानेच बरीच कार्डं हलकी होतील.

एक सूचना क्लासच्या विरोधात जाणारी आहे, पण महत्त्वाची आहे. एकसारखे ऐकू येणारे शब्द एकाच दिवशी घेऊ नका. 'फेअरबिंडेन', 'फेअरबीटेन' आणि 'फेअरबेसर्न' एकत्र शिकलात तर तिघांच्या जोडांची सरमिसळ होते आणि एकही धड येत नाही. एक पक्का झाला की आठ-दहा दिवसांनी दुसरा. अवयवांची किंवा रंगांची यादी क्लासमध्ये एका दमात दिली, तरी तुमच्या पेटीत ती चार-पाच दिवसांत विखरून टाका.

झोपेचं सांगायलाच हवं, कारण तुमच्या पाळ्या बदलत्या आहेत. दिवसभरात भूलभुलैयात फिरलेल्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी एकत्र काम करत होत्या, त्याच नंतरच्या झोपेतही एकत्र चेतवल्या जातात, हे १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी नोंदवलं. झोपेत शिकलेल्याची उजळणी होते ती अशी. उलट, जागरण झालेला मेंदू नवी नोंद करण्यातच कमी पडतो. म्हणून नाइट संपवून घरी आल्यावर नवे शब्द अजिबात घेऊ नका. झोपून उठल्यावर, पुन्हा ड्युटीला निघण्याआधी, फक्त जुन्या कार्डांची १५ मिनिटं. डे ड्युटीच्या आठवड्यात नवे शब्द संध्याकाळी आणि शेवटची आठवण झोपण्याच्या जरा आधी. चहा-कॉफीतलं निम्मं कॅफिन सुमारे पाच तासांनीही शरीरात असतं, तेव्हा झोपायची वेळ बघून शेवटचा कप ठरवा.

नाइटनंतर डोळा लागत नाही म्हणून अल्प्राझोलम किंवा तत्सम गोळी घ्यायची सवय असेल, तर ती पहिली तपासा. या गटातली औषधं नवी आठवण बनण्यात थेट अडथळा आणतात. गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांचंही तेच. स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून कमी करा.

स्मरणशक्तीचं औषध किंवा पावडर घेऊ नका, असंच आम्ही सांगू. कारण साधं आहे: आठवण म्हणजे नेमक्या काही जोडांची ताकद आजूबाजूच्यांपेक्षा जास्त असणं. न वापरलेले जोड मेंदू सैलही करत असतो, तेही तितकंच गरजेचं असतं. 'डी श्प्रित्से'चे जोड तेवढे निवडून घट्ट करणारी गोळी अस्तित्वात नाही. ते निवडण्याचं काम फक्त आठवण्याच्या कृतीने होतं. बदाम आवडत असतील तर जरूर खा, चांगलं खाणं आहे, पण शब्दांचा हिशोब त्यांच्यावर टाकू नका. मात्र शब्दांबरोबर नेहमीच्या गोष्टीही सुटत असतील, हँडओव्हरमधले तपशील निसटत असतील, थकवा जात नसेल, तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच.

आणि वय. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा असेल तर सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, त्याला तीन-चार वर्षं लागतात. कॅथरीन वुलेट आणि एलेनॉर मॅग्वायर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकाऊ चालकांचे मेंदू आधी आणि नंतर तपासले. जे परीक्षा पास झाले त्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या मागच्या भागात करड्या द्रव्याची वाढ दिसली, नापास झालेल्यांत दिसली नाही. ही सगळी प्रौढ, कमावती माणसं होती. छत्तिशीत तुम्हाला उच्चार जर्मन माणसासारखे येणं अवघड जाईल, हे मान्य. शब्द शिकण्याचं वय मात्र गेलेलं नाही, शब्दसंग्रह तर साठीपर्यंत वाढत राहतो. घरच्यांना हे जरूर वाचून दाखवा.

सुरुवात उद्याच करा, जुन्या वहीपासून. मागच्या महिन्याच्या पानांवर पट्टी ठेवून फक्त मराठी बाजू बघत एकदा जा. जे शब्द आले त्यांची कार्डं करून सरळ बाराव्या दिवसाच्या कप्प्यात टाका. जे आले नाहीत ते रोजच्या १४ मध्ये थोडे थोडे मिसळा, कारण विसरलेला शब्द दुसऱ्यांदा शिकायला कमी वेळ लागतो. आठव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या १४ शब्दांची कागदावर परीक्षा घ्या, डेअर-डी-दाससकट. दहाच्या वर आले तर हीच गती ठेवा, कमी आले तर पुढचे दोन आठवडे रोज दहाच घ्या. शेवटच्या तीन आठवड्यांत पेटीची वेळ तशीच चालू ठेवून उरलेला वेळ ऐकणं आणि बोलणं यांना द्या, कारण कार्डावर येणारा शब्द कोणी भरभर बोलताना कानावर पडला की पहिल्यांदा बऱ्याचदा ओळखू येत नाही.